पुढेच जाणारी बस

बसचा उजवा आरसा आणि पुलाचा कठडा यांच्यात अकरा सेंटिमीटर अंतर होतं. डावीकडे नऊ. सेवेर ब्रातूने खिडकीतून हात बाहेर घालून बोटांनी मोजलं आणि हात आत घेतला. मोजण्याने काही होणार नव्हतं. पण पंचवीस वर्षं प्रशिक्षक म्हणून काढल्यावर माणसाला कडेला उभं राहून अंतरं मोजायची सवय लागते.

पुलाच्या दुसऱ्या टोकाला अंत्ययात्रा उभी होती. पुढे चर्चचे झेंडे धरलेले दोघे, मग पाद्री, मग दोन बैलांची गाडी, आणि गाडीत उघड्या शवपेटीत काळा कोट घातलेला एक म्हातारा. त्याच्यामागे गाव. साठेक माणसं असावीत. पूल एका वेळी एकाच वाहनापुरता होता आणि बस त्यावर निम्मी आलेली होती. तिच्या पाठीमागे साठ मीटरवर, दूध संकलन केंद्रापाशी, रस्ता रुंद होता. तिथे बस कडेला घेतली असती तर यात्रा दोन मिनिटांत निघून गेली असती.

कुलित्साने इंजिन बंद केलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"मिस्टर," तो म्हणाला. प्रशिक्षकाला सगळे मिस्टरच म्हणत, ड्रायव्हरसुद्धा.

"बघतोय."

"मग?"

"बघतोय म्हटलं ना."

अठरा खेळाडू गप्प बसले होते. काय करायला हवं ते सगळ्यांना कळलं होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

मिनेरुल बराईश्ते या फुटबॉल संघाची बस मागे जात नसे. आपल्या मैदानातून निघाल्यापासून सामन्याची शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तिने फक्त पुढे जायचं. देशातल्या बऱ्याच संघांच्या बसगाड्या हे पाळतात, पण बाकीचे पाळण्यात ढिलाई करतात. सेवेर करत नसे. बराईश्तेला आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने मैदानाच्या पिछाडीची चार मीटर भिंत पाडून घेतली, म्हणजे बस एका फाटकातून येईल आणि दुसऱ्यातून जाईल. दुसऱ्या एका क्लबात असताना त्याने एका हॉटेलच्या मालकाला फुलांचा वाफा काढायला लावला होता. सोमवारी गॅरेजमध्ये मेकॅनिकने बस कशीही हलवली तरी चालायचं, कारण सोमवारी सामना नसतो. हेही त्यानेच ठरवलं होतं. बसमध्ये 'मागे' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारायचा नाही, कारण जो उच्चारील त्याच्यावर त्या दिवसाचा निकाल. फारच अडलं तर "ते" म्हणायचं.

नेहमीचा रस्ता डांबरीकरणासाठी बंद होता म्हणून पोलिसांनी त्यांना या गावातून वळवलं होतं. सामना चारला होता. प्रतिस्पर्धी लुंकाचं मैदान अजून पन्नास मिनिटांवर होतं. सव्वाचारपर्यंत संघ मैदानात उतरला नाही तर तीन-शून्य हार ठरलेली. त्यांना आज बरोबरी पुरेशी होती. हरले तर संघ जिल्हा स्तरावर जाणार होता, आणि क्लबचे अध्यक्ष होसू, ज्यांची लाकडाची गिरणी होती, त्यांनी तसं झाल्यास मैदानावर ओंडके रचायचे असं जाहीर केलं होतं. ते रागाने म्हणाले नव्हते. जागा मोकळी राहील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सेवेर त्रेसष्ट वर्षांचा होता. हा त्याचा बाविसावा क्लब. तेविसाव्याचा फोन येणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

"ती गाडी तेच 'ते' करतील ना," कप्तान दोरिनेल सीटवरून उठत म्हणाला. "साठ माणसं आहेत. आपण अठरा."

"बैल आहेत," कुलित्सा म्हणाला. "बैलांना 'ते' येत नाही."

"बैल सोडून, गाडी फिरवून?"

"मेलेल्या माणसाला घराकडे फिरवणार? तू सांग जाऊन."

दोरिनेल खाली बसला.

सेवेरच उतरला. कठडा आणि बस यांच्यामधून त्याला पोट आत घेऊन सरकावं लागलं. पाद्री तरुण होता, दाढी अजून विरळ. नाव फादर इरिनेउ. उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याच्या शेजारी काळा रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी हातात मेणबत्ती धरून उभी होती. ही मेलेल्याची बायको हे सांगावं लागलं नाही.

"देव त्यांना क्षमा करो," सेवेर म्हणाला.

"करो," म्हातारी म्हणाली. "बस मागे घ्या."

बसच्या उघड्या खिडकीत कुणीतरी घाईघाईने छातीवर क्रॉसची खूण केली.

"मावशी, आमच्याकडे एक नियम आहे," सेवेरने सुरुवात केली, आणि मग त्याने तो नियम सांगितला. उघड्या शवपेटीसमोर उभं राहून सांगताना तो जरा छोटा करून सांगितला.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. तिचं नाव अनिसिया.

"मीही सांगते," ती म्हणाली. "उंबऱ्यावर मडकं फोडून आलेय. ज्या टेबलावर त्याला ठेवला होता ते पालथं घातलंय. आता माझ्या तोमाला वळवला तर तो घर शोधत येईल. एकदा वाट सापडली की रोज येईल. आला तर ठेवू कुठे? टेबल पालथं आहे."

"फादर, तुमचं काय म्हणणं?"

"चर्चचं बसबद्दल काही म्हणणं नाही," फादर इरिनेउ म्हणाला. "मृताला वळवू नये असंही कुठे लिहिलेलं नाही. पण मला या गावात राहायचंय."

"आणि बैल?"

"बैलांना उतारावर उलटं चालता येत नाही. त्यात चर्चचा संबंध नाही."

तेवढ्यात मागून बायका टोपल्या घेऊन पुढे आल्या. अंत्ययात्रेत वाटेत जो भेटेल त्याला मृताच्या नावाने वेणीसारखी गुंफलेली पावाची पोळी आणि मेणबत्ती द्यायचीच असते, आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. खेळाडू एकेक करून बसच्या दारातून उतरले, पोळी घेतली, मेणबत्ती घेतली, "देव त्यांना क्षमा करो" म्हणाले आणि पुन्हा आत गेले. एका बाईने आलुबुखाराच्या दारूची बाटली आणि एकच पेला आणला.

"फक्त ओठ लावायचा," सेवेर म्हणाला. "बघतोय मी."

"मिस्टर, मेलेल्याचा अपमान होईल," गोलकीपर म्हणाला.

"मान राखायचा तो सामन्यानंतर राख."

दोन पन्नास झाले. बसमध्ये अठरा माणसं ट्रॅकसूट घालून पेटत्या मेणबत्त्या धरून बसली होती. मसाज करणाऱ्याने सीटच्या कापडाला आग लागेल म्हणून त्या विझवायला सांगितल्या. कुणी विझवल्या नाहीत.

दोरिनेलला एक युक्ती सुचली. इंजिन बंद ठेवून बस ढकलायची. आपण पुढून ढकलू, चाकं फिरतील, पण गिअर पडणार नाही, म्हणजे 'ते' झालं असं म्हणता येणार नाही. यावर पाच मिनिटं चर्चा झाली. डाव्या बगलेच्या खेळाडूचं म्हणणं होतं, नियम गिअरचा आहे. गोलकीपरचं म्हणणं होतं, नियम दिशेचा आहे. कुलित्सा म्हणाला, ढकलताना स्टिअरिंग कोणी धरायचं, मीच ना?

"मग आपण सगळे उतरू," दोरिनेल म्हणाला. "रिकाम्या बसला कसला नियम? त्यात संघच नाही."

सगळ्यांनी सेवेरकडे पाहिलं.

"बूट आत असले की ती संघाची बस," सेवेर म्हणाला. हा निर्णय त्याने दोन हजार चार साली दिला होता, तिसऱ्या की चौथ्या क्लबात, असाच एकजण हुशारी करत होता म्हणून.

"बूट पण उतरवू!"

"तोवर हे गाववाले दुसऱ्यालाही पुरतील," कुलित्सा म्हणाला. "मिस्टर, मी बस चालवतो. ठरवत नाही. तुम्ही म्हणा, मी करतो. तुम्ही म्हणाला नाहीत तर मी इथेच आहे. डबा आणलाय मी."

"मी म्हणायचं?"

"मग कोण, मी? माझ्यावर निकाल घेऊ? मला बराईश्तेतच राहायचंय. तुम्ही काय, सामान बांधाल."

हे खरं होतं, त्यामुळे कुणी हसलं नाही.

सेवेर पुलाच्या कठड्यापाशी गेला आणि त्याने बायकोला फोन लावला. वेतुरियाने छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. ती या वेळी चेरीच्या बिया काढत होती, हे तिच्या बोलण्यात मध्येच येणाऱ्या टप टप आवाजावरून कळत होतं. त्याने परिस्थिती सांगितली. 

"किती वर्षं झाली तुझ्या या नियमाला?" तिने विचारलं.

"बत्तीस."

"त्यात किती वेळा खालच्या श्रेणीत गेलास?"

"सात."

"काढलं किती वेळा?"

"पंधरा. एकदा आम्ही परस्पर संमतीने वेगळे झालो."

"सोळा. आणि बस एकदाही मागे गेली नाही."

"गेली असती तर सातचे चौदा झाले असते."

"असेलही," वेतुरिया म्हणाली. एक बी वाडग्यात पडली. "तुलना करायला तुझ्याकडे दुसरी बस नाही. शाळेत असा प्रयोग कुणी लिहून आणला असता तर मी वही परत केली असती."

"मग काय करू?"

"ते मी नाही सांगणार. मी म्हटलं आणि तुम्ही हरलात, तर आपल्याला अजून वीस वर्षं एका घरात काढायचीत." पुन्हा टप आवाज आला. "जेवलास का?"

"पोळी खाल्ली. मयताची."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन वाजून दोन मिनिटं. अनिसिया एव्हाना कठड्याच्या पायरीवर बसली होती. तिने एक बूट काढला होता आणि पायाचा अंगठा चोळत होती. उरलेलं गाव मात्र उभंच होतं. कुणीतरी बैलांच्या तोंडापुढे गवत टाकलं होतं. शवपेटीतल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर माशी बसू नये म्हणून एक पोरगेलीशी बाई ओढणीने वारा घालत होती.

"बसा," अनिसिया म्हणाली. "उभं राहून पूल रुंद होत नाही."

सेवेर बसला.

"तुमच्या त्या नियमाने जिंकत असाल मग," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला माहिती हवी होती.

सेवेर काही म्हणेपर्यंत बसच्या खिडकीतून दोरिनेलचा आवाज आला. "गेल्या नऊ सामन्यांत एक, मावशी. तोसुद्धा समोरच्यांनी स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला म्हणून."

"दोरिनेल!"

"विचारलं त्यांनी, मिस्टर."

"माझ्या तोमाला फुटबॉल आवडायचा नाही," अनिसिया म्हणाली. "मधमाश्या आवडायच्या. टीव्हीवर सामना लागला की तो बाहेर जाऊन पेट्यांपाशी बसायचा. म्हणायचा, इथे निदान सगळे काम करतात." तिने बूट घातला. "सुरू कसं झालं हे?"

ही गोष्ट सेवेरने बावीस क्लबांत सांगितली होती. पहिल्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत, उभं राहून, आवाज न चढवता. एकोणीसशे सत्त्याऐंशी. चषकाची उपांत्य फेरी. तो तेव्हा एकतीस वर्षांचा, डावीकडून खेळणारा, देशाकडून दोनदा खेळलेला. मैदानाकडे जाताना ड्रायव्हरचं वळण चुकलं, रेल्वेच्या फाटकापाशी बस अडकली आणि त्याने ती तीस मीटर मागे नेली. म्हाताऱ्या मसाजवाल्याने तेव्हाच तोंड फिरवलं. त्र्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. सेवेरने मारली. चेंडू आडव्या खांबाच्या वरून गेला. सामना गेला. त्यानंतर देशाच्या संघातून बोलावणं आलं नाही, पुढच्या वर्षी गुडघा गेला आणि खेळणं संपलं.

त्याने तेच, तसंच सांगितलं. अनिसिया ऐकत होती. ती मान हलवत नव्हती, त्यामुळे सांगणं अवघड गेलं.

"वरून म्हणजे किती वरून?" तिने विचारलं.

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"हातभर."

"जोरात मारला म्हणून?"

"नाही. मारताना अंग मागे झुकलं की पाऊल चेंडूच्या खाली जातं. मग चेंडू वर जातो. प्रत्येक वेळी जातो. पोरांना पहिल्या महिन्यात हेच शिकवावं लागतं, छाती चेंडूवर ठेवा."

"तुम्ही झुकला होतात?"

खाली ओढ्यात पाणी कमी होतं. एक प्लास्टिकची बाटली दोन दगडांमध्ये अडकून गोल फिरत होती. सेवेरने तिचे तीन फेरे पाहिले.

"हो," तो म्हणाला. "झुकलो होतो."

"मग बसचं काय?"

"बसचं काही नाही."

हे शब्द त्याच्या तोंडून आले तसे त्याला ते नीट ऐकू आले. बसमधून कुणी ऐकलं का म्हणून त्याने वर पाहिलं. खिडकीत दोरिनेल मेणबत्ती धरून पुलाच्या पलीकडे कुठेतरी बघत होता, फारच लक्ष देऊन.

 अनिसियाने कनवटीचा रुमाल काढून घाम पुसला आणि गाडीकडे पाहिलं. "त्याला ऊन लागतंय," ती म्हणाली.

सेवेर बसून राहिला. आता त्याला दिसत होतं की अडचण हरण्याची नव्हती. हरणं त्याला येत होतं. आज तो म्हणाला आणि संघ हरला, तर सगळे म्हणतील बघा, म्हटलं होतं ना. आणि बत्तीस वर्षं ज्याच्यावर भिस्त ठेवली ते निदान खरं ठरेल. पण आज तो म्हणाला आणि संघ जिंकला, तर पाडलेल्या भिंती, काढलेले वाफे, तीनशे-साडेतीनशे सामन्यांना घेतलेले लांबचे रस्ते, आणि दर हरलेल्या सामन्यानंतर "पण बस गेली नव्हती" असं स्वतःला दिलेलं समाधान, हे सगळं कशासाठी होतं याचं उत्तर द्यावं लागेल. तेव्हा उत्तर द्यायला तो रेल्वेचा फाटकवाला नसेल, ड्रायव्हर नसेल, तो म्हातारा मसाजवालाही नसेल. एकटा तोच असेल, आणि मागे झुकलेलं त्याचं अंग.

न बोलता बसून राहिलं तर चार वाजतील, सव्वाचार होतील, आणि तीन-शून्य कुणामुळेच होणार नाही. पूल अरुंद होता, रस्ता बंद होता, एक माणूस मेला होता. वर्तमानपत्रात दोन ओळी येतील. त्याला कुणी काही विचारणार नाही. मैदानावर ओंडके रचले जातील आणि तो घरी जाऊन चेरीच्या बिया काढायला बसेल.

हे सोपं होतं. इतकं सोपं होतं की त्याला त्याची ओळख पटली. गेली काही वर्षं तो असंच करत आला होता: गोलकीपर बदलायचा असे तेव्हा, दोरिनेलला तुझा गुडघा आता पुरत नाही हे सांगायचं असे तेव्हा. थांबायचं. वेळ संपू द्यायची. मग जे होईल ते झालेलं असतं, केलेलं नसतं.

"मिस्टर," कुलित्साने खिडकीतून हाक मारली. "तीन अकरा. आता निघालो तर बूट बसमध्येच घालायला लागतील. दहा मिनिटांनी निघालो तर निघायचंच कशाला?"

"डबा खाल्लास?"

"निम्मा."

सेवेर उठला. उठताना त्याचा गुडघा नेहमीसारखा वाजला. त्याने अनिसियाला हात दिला, ती उभी राहिली, आणि कुणीही काही न सांगता झेंडेवाल्यांनी झेंडे सरळ केले. फादर इरिनेउने घसा साफ केला. बैलाच्या तोंडात अजून गवत होतं.

"मावशी, थोडं कडेला उभ्या राहा," सेवेर म्हणाला.

पुन्हा पोट आत घेऊन तो बस आणि कठडा यांच्यामधून सरकला आणि आत चढला. मेणाचा वास भरला होता. पोळीचा चुरा सगळ्या वाटेवर पडला होता. तो ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहिला, तोंड खेळाडूंकडे करून. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. गोलकीपरने डोळे मिटून घेतले होते. मसाज करणारा औषधांच्या पेटीतल्या बाटल्या नव्याने लावत होता. डाव्या बगलेचा खेळाडू ओठ हलवत काहीतरी म्हणत होता. प्रार्थना असावी, किंवा शिव्या.

"ऐका," सेवेर म्हणाला. मग तो थांबला, कारण पुढचा शब्द बसमध्ये त्याच्या तोंडाला नवा होता. कुलित्साने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि आरसे थरथरले. त्याने गिअरवर हात ठेवला, पण हलवला नाही. वाट बघत होता.

सेवेरने घसा खाकरला. शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सामन्याआधी संघ वाचून दाखवतात तसा, तो म्हणाला,

"कुलित्सा, बस मागे घे. मी सांगतोय. सेवेर ब्रातू."